दाजींची फटफटी मुरुडातून निघाली तेव्हा

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातला हा प्रवास. नांदेड ते मुरुड जाताना एसटीनं, येताना जुन्या फटफटीवर. असल्या उन्हात, असल्या गाडीवर, या वयात निघायचा सल्ला मी कुणाला देणार नाही. पण सल्ला विचारून कोण निघतं? बोलावणं आलं की माणूस निघतो.

बोलावणं माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. सुशीला मुरुडला असते. असायची, म्हणायला पाहिजे. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, दिवाळीच्या आधी गेले. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. गावात पाण्याचे हाल, आई एकटी, म्हणून तो रविवारी गाडी घेऊन येणार आणि घराला कुलूप लावून आईला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. सामान वाटून झालं होतं. अंगणात राहिली होती फक्त दाजींची फटफटी. पोरानं फोनवरूनच भंगारवाल्याशी बोलणी केली होती.

सुशीला मला फोनवर म्हणाली, "दादा, तू सायकलचं दुकान चालवलंस, तुला यंत्राचं कळतं. एकदा येऊन बघ. ते गेले तर चौघांच्या खांद्यावर गेले. गाडी तरी आपल्या पायानं जाऊ दे. टेम्पोत दोरीनं बांधून नेलेली मला बघवणार न्हाई."

आता दुकान सायकलचं, गाडी पेट्रोलची. पण बहिणीला असं सांगायचं नसतं. पिशवीत पाने, पॉलिश पेपर, एक नवा प्लग आणि दोन बाटल्या पाणी घेतलं आणि सकाळची पहिली बस धरली. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, आधारकार्ड तेवढं विसरू नका.

बस विष्णुपुरीवरून गेली तेव्हा खिडकीजवळचे सगळे माना वळवून धरणाकडे बघत होते. गोदावरी अशी आजाऱ्यासारखी तळाला पडलेली मी कमी वेळा पाहिली आहे. लोह्याच्या पुढं रस्ता कुठं बरा, कुठं उखडलेला. अहमदपूरला बस थांबते तिथं भजे चांगले मिळतात, पण त्या दिवशी हॉटेलवाला पाण्याचा ग्लास मोजून ठेवत होता. लातूरला बस बदलली. स्टँडच्या मागच्या गल्लीत घागरींची रांग लागली होती. माणसं सावलीत बसलेली, उन्हात नुसत्या घागरी उभ्या. त्यातल्या एकीला कुणीतरी आपली टोपी घातली होती. दुपार व्हायच्या आत मुरुडला पोचलो.

सुशीला दारातच उभी होती. "जयभीम दादा" म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो घेतला, दोन घोट प्यालो, उरलेलं परत दिलं. तिनं ते माठात ओतलं. एरवी उष्टं पाणी माठात घातलेलं आमच्या आईनं खपवून घेतलं नसतं.

गाडीची हकिकत सांगतो. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा दाजींना कलेक्टर कचेरीत शिपायाची नोकरी लागली. त्याआधी साध्या दाखल्याला उस्मानाबाद गाठावं लागायचं. नवा जिल्हा, नवी नोकरी, नवी सून म्हणजे आमची सुशीला, आणि नवी फटफटी, सगळं एका वर्षात त्या घरात आलं. दाजी गमतीनं म्हणायचे, "आमच्या घरात सरकारनं जिल्हा पाठवला." पुढं निवृत्त होईपर्यंत मुरुड ते लातूर, लातूर ते मुरुड, याच गाडीवर.

मी गाडीवरचं पोतं काढलं. धूळ पुसलेली होती. रोज पुसत असणार. आधी किका मारल्या. इंजिन जाम नव्हतं, पायाला दाब चांगला लागत होता. म्हटलं, जीव आहे. पेट्रोलचा कॉक उघडा, चोक ओढलेला, तरी हूं नाही की चूं नाही.

तेवढ्यात दारात टेम्पो लागला. भंगारवाले गफ्फारभाई. माझ्याच वयाचे, दाढी पांढरी. ओट्यावर सावलीत बसले आणि म्हणाले, "क्या दादा, कायको हलकान होरे? इसमें अब जान नै. लोहा है लोहा."

"थांबा हो. लोखंडालासुद्धा एकदा विचारून बघू."

"विचारा. मैं बैठा. आज धंदा बी क्या है."

प्लग काढला. घासला, इंजिनाला टेकवून सुशीलाला किक मारायला लावली. ठिणगी पडली, पण लालसर, मरतुकडी. मग बाजूचं झाकण उघडून ठिणगीला वीज सोडणारे पॉईंट साफ केले. आता ठिणगी निळी पडली. नवा प्लग बसवला. किक. काही नाही. गफ्फारभाई उठले, म्हणाले, "चलो, धक्का देते." गिअरमध्ये टाकून आम्ही दोन म्हातारे गल्लीच्या टोकापर्यंत धावलो. गाडी नुसती ढकलली जात होती. परत येईस्तोवर माझी छाती भात्यासारखी चाललेली. गफ्फारभाई हसून म्हणाले, "दादा, गाडी के पहले हमकोच टेम्पो में डालना पडता."

सुशीला हसली नाही. ती पायरीवर बसून नुसती गाडीकडं बघत होती. एकदाच म्हणाली, "चहा ठिवू का? का त्यांना जाऊ द्यायचं?"

त्यांना, म्हणजे टेम्पोला. मी म्हटलं, "अजून एक पोट बघायचं राहिलंय."

पोट म्हणजे कार्बोरेटरची वाटी, पेट्रोल आधी तिथं साठतं. दोन स्क्रू सोडून ती खाली घेतली. तेलानं निळसर झालेल्या पेट्रोलच्या तळाशी चकचकीत गोळ्या पळत होत्या, अळूच्या पानावर पळतात तशा. बोट लावून पाहिलं. पाणी होतं.

गावात प्यायला पाणी नाही, आणि इथं गाडीच्या पोटात पाणी!

मग टाकीचं पेट्रोल काढायला नळी सोडली, तर सुशीलानं पळत जाऊन पातेलं आणलं आणि खाली धरलं. पातेल्यात पेट्रोल वर आणि पाणी खाली बसलं. ती वाकून बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"दादा, हे मह्याच हातानं झालं."

झालं होतं असं. दाजी सांगायचे, गाडी उभी असली तरी टाकी भरलेली ठेवावी, रिकामी टाकी गंज धरते. ते गेल्यावर ही माऊली पेट्रोल उडून कमी झालं की दाजींचा कॅन घेऊन पंपावर चालत जायची, या गाडीला लागतं तसं त्यात तेल मिसळून आणायची आणि टाकी भरायची. आणि टँकर आला की गावात जे भांडं हाताला लागेल ते भरतात. तिनंही भरलं. हंडे, कळशा, बादल्या, डबे, आणि तो कॅनही. धुण्या-भांड्याला म्हणून साठवलेलं पाणी.

"मंग पेट्रोल आणायच्या आधी कॅन उपडा करून वाळवायचा ना गं," मी म्हटलं.

"उपडा कसा करू?" ती म्हणाली. "तळाला घोटभर राहायचं. ते मातीत वतायला हात होत नव्हता. म्हणलं, असू दे, एवढ्यानं काय होतंय."

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात कुणीच भांडं उपडं करत नव्हतं. मी एवढंच सांगितलं, "अगं, टाकीत डोकावून बघ, गंज नावाला आहे. रिकामी ठेवली असतीस तर एव्हाना चाळण झाली असती. तुझ्यामुळंच टिकली." हे खोटं नव्हतं. पण ती डोळ्याला पदर लावून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

गफ्फारभाई टेम्पो घेऊन गेले. मला वाटलं, वैतागले. थोड्या वेळानं आले ते नवं पेट्रोल आणि तेलाची बाटली घेऊन. म्हणाले, "भाबी के हात का पानी निकल गया, अब मेरे हात का तेल डालो."

टाकी, नळी, वाटी, तिच्यावरचा बारीक भोकाचा जेट, सगळं फुंकून-पुसून उन्हात वाळवलं. परत जोडलं. पहिल्या किकेला खोकली. दुसऱ्या-तिसऱ्याला खोकली आणि थांबली. मग एकदाची अशी धडधडली की गल्लीतली कुत्री उठून भुंकायला लागली आणि अंगणभर निळा धूर झाला.

सुशीला आतून आली. धुरात उभी राहिली. नाकाला पदर लावला नाही.

त्या संध्याकाळी गाडी तीनदा बंद करून तीनदा चालू करून पाहिली. शेवटच्या वेळी तिनं फार त्रास दिला. म्हणून सकाळी निघताना ठरवलं, एकदा चालू झाली की नांदेडपर्यंत बंद करायची नाही. सुशीला म्हणाली, "मला फाट्यापर्यंत ने."

ती एका अंगाला बसली. हात मात्र माझ्या खांद्यावर ठेवला नाही, मागची कडी धरली. या गाडीवर तिनं खांदा धरला तो फक्त दाजींचा. गावातनं आम्ही हळू गेलो. माणसं ओट्यावरून बघत होती, एका म्हातारीनं दाजीच आले की काय म्हणून कपाळावर हात धरून बघितलं आणि लगेच मान खाली घातली. फाट्यावर सुशीला उतरली. मी म्हटलं, "अजून बघ, नांदेडला चल. पुण्यात तुझं कोण आहे बोलायला?"

"भावाच्या घरी बहीण सणाला शोभती, दादा. जा आता. बंद पडंल." आणि सीटवर एकदा हात ठेवून ती घराकडं वळली.

रस्त्याचं सांगायचं तर लातूर ते चाकूर ठीक आहे. दुपारी उन्हात मात्र जाऊ नका, डांबर टायरला चिकटतं. चाकूरला चहाला थांबलो. गाडी तशीच धडधडत ठेवली. हॉटेलवाला ओरडला, "काका, बंद करा की! गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येईना."

"बंद केली तर धक्का तुम्हाला मारावा लागेल."

"मंग राहू द्या, राहू द्या!"

बाकावर दोघे नव्या जिल्ह्यावर भांडत होते. एक म्हणे उदगीर जिल्हा होणारच. दुसरा म्हणाला, "होऊ दे की. जिल्हा झाला की कचेरी येती, कचेरीत साहेब येतो, साहेबाच्या बंगल्यावर टँकर येतो. तुला काय येतं?" मला दाजी आठवले. ते असते तर यावर नक्की बोलले असते. चहा अर्धाच ठेवून उठलो.

नांदेडला उन्हं उतरताना पोचलो. अंगणात गाडी लावली. इंजिन बंद करायला हात गेला आणि तिथंच थांबला. आमची मंडळी, कमल, दारातून म्हणाली, "अहो, धूर घरात येतोय." मग बंद केली. सुशीलाला फोन केला, गाडी पोचली म्हणून सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि ठेवून दिला.

पुण्याला गेल्यावर तिचाच फोन आला. "दादा, ती गाडी कुणाला तरी देऊन टाक. तुझ्या दारात उभी राहिली तर परत तेच. जो रोज फिरवंल त्याला दे."

मला पटायला वेळ लागला. शेवटी विष्णुपुरीकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका माणसाला दिली. कॅन वाळवून मग पेट्रोल भर, एवढं त्याला बजावलं. कधीमधी वांग्यांचं पोतं बांधून तो समोरून जातो. मी मान वर करत नाही, आवाजावरून कळतं.

जुनी गाडी चालू करायची कशी, ते वर सांगितलंच आहे. ठिणगी बघा, मग पेट्रोल बघा. बंद घराचं काय करायचं ते मला माहीत नाही. मुरुडच्या घराची एक किल्ली सुशीलानं माझ्या पिशवीत टाकली होती, ती घेऊन अजून तिकडं गेलेलो नाही.

आमच्या अंगणात गाडी उभी होती तिथं फरशीवर तेलाचा एक काळा डाग पडला आहे. कमल परवा म्हणाली, "सोडा टाकून घासून काढू का?"

म्हटलं, "राहू दे. पाणी कशाला घालवायचं."