फोटोपुरतं मशीन

शर्टांचा कारखाना बंद पडला तेव्हा कॉलरवालीने कपाळाला हात लावला नाही. एकोणीस वर्षं ती तिथे नुसत्या कॉलरी लावत होती, म्हणून हे नाव. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, लेक शाळेत. घरमालकिणीने पंधरा तारखेची मुदत दिली होती. भाडं नाही, तर खोली नाही. एक कापडवाला उशांचे अभ्रे घरी शिवायला द्यायला तयार होता, पण त्यासाठी घरात स्वतःचं मशीन हवं होतं.

म्हणून ती साहाय्य केंद्रात गेली. दारावर रोजगार, निवारा आणि आर्थिक मदत अशा तीन पाट्या, आत तिन्हींसाठी मिळून एक टेबल आणि टेबलामागे एकच माणूस. त्याला सगळे दादा म्हणत. या गृहस्थाने जन्मात इकडची काडी तिकडे केली नव्हती, पण केली असती तर कशी केली असती हे तो तासभर सांगू शके. तीन हेलपाट्यांत कॉलरवालीने ते तीनदा ऐकून घेतलं. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "ताई, नशीब उघडलं तुमचं. शनिवारी पाहुणे येतायत. तुम्हाला शिलाई मशीन."

शनिवारी केंद्राच्या सभागृहात पुसून चकचकीत केलेलं, पण कडेला टवका उडालेलं मशीन मांडलं होतं. 'मशीन मिळाले' असं लिहिलेल्या रजिस्टरात दादांनी तिची सही घेतली, तिला मशीनपाशी बसवलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या.

"उठा आता. पुढच्या ताईंना बसू द्या," दादा कानाशी पुटपुटले.

"त्यांचं मशीन कुठंय?"

"हेच की. फोटोपुरतं असतं ते. तुमचं नंतर बघू."

समोरच्या भिंतीवर आधीच्या अकरा बायांचे फोटो लावले होते. अकराही जणी याच टवका उडालेल्या मशीनपाशी बसून हसत होत्या. कॉलरवालीने खाली वाकून पाहिलं. चाकाला पट्टाच नव्हता. एवढ्या वर्षांत या मशीनवर कुणी एक टाका घातला नव्हता, आणि खरी शिवणारी बाई तिथे बसवण्याची चूक दादांच्या हातून पहिल्यांदाच घडली होती.

ती उठली नाही. पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "साहेब, शिवून दाखवते. सुई-दोरा आहे माझ्याकडे. पट्टा तेवढा दादांनी जपून ठेवलेला दिसतोय."

"दाखवा की," पाहुणे म्हणाले. "दादा, पट्टा?"

"तो... गोदामात आहे साहेब."

"मग आणा ना दादा," बाकावरची एक म्हातारी म्हणाली. "आम्हाला कुठं घाई आहे? आम्ही तर वर्षभर थांबलोय."

बाया हसल्या. रजिस्टर उघडंच होतं. पाहुण्यांनी त्यातली सही वाचली आणि मशीन पट्ट्यासकट कॉलरवालीच्या घरी पोचवायला सांगितलं. दादा हसले, पण आंबट तोंडाने.

अभ्र्यांची पहिली खेप चौदा तारखेला गेली आणि खोली टिकली. आठवड्याने केंद्राचा शिपाई दारात आला.

"दादांनी विचारलंय, मशीन कधी परत देताय? नवे पाहुणे यायचेत."

कॉलरवालीने पायही थांबवला नाही.

"त्यांना म्हणावं, मशीन मोकळं नाही. फोटोच काढायचा असेल तर रिकाम्या टेबलामागे स्वतः बसा. शोभून दिसाल."