गोलाच्या दोन पास आधी

हाइनर चहाचा घोट घ्यायच्या आधीसुद्धा मागे बघायचा. आधी उजव्या खांद्यावरून, मग डाव्या, आणि मग कप तोंडाला. लिफ्टमध्ये शिरताना तेच, जेवणाच्या रांगेत तेच, सुपरमार्केटात कांदे निवडताना तेच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाच्या मागे एक तर पोलीस लागलेत नाहीतर सासरची माणसं. घरी येऊन बायकोला सांगितलं. वैशाली म्हणाली, मानेचं काहीतरी असेल, तू फिजिओ आहेस ना, मला काय सांगतोस, त्याला तपास की.

मान ठणठणीत होती. तो त्याचा धंदा होता. हाइनर मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा. बचाववाल्यांची भीती समोरून येते, ह्याची चारी बाजूंनी. त्यामुळे चेंडू पायात येण्याआधी मागे कोण आहे, डावीकडे कोण मोकळा आहे, हे सगळं बघून ठेवायचं. वीस वर्षं हेच केल्यावर ते मैदानातून उठून स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. "चेंडू आल्यावर बघतो तो प्रेक्षक," असं तो म्हणायचा. "खेळणाऱ्याने आधी बघायचं."

मी कोल्हापूरचा. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात फुटबॉल म्हणजे निम्मा खेळ आणि निम्मं भावकीचं भांडण. तालमी-तालमींच्या टीम, पेठापेठांतलं वैर, मॅच हरली की घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. तिथून शिकून मी दोह्यात आलो आणि लीगमधल्या एका मधल्याच वकुबाच्या क्लबात फिजिओथेरपिस्ट म्हणून चिकटलो. राहायला मुऐदरला, एका व्हिलाच्या अर्ध्या भागात. वर्ल्ड कप अजून यायचा होता आणि त्याच्यासाठी आख्खं शहर खणून ठेवलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने कामावर गेलो तो संध्याकाळी परत येताना जागेवर असेलच, याची खात्री नसायची.

त्या धुरळ्यात हाइनर आला. पस्तिशीला टेकलेला, लांबट चेहरा, केस गेलेले. आमच्याकडे युरोपातून उतरत्या वयात येणारे खेळाडू मी बरेच बघितले होते. बहुतेकांना ऊन, गाडी आणि आराम हवा असायचा. हा मदिनत खलीफातल्या व्हिलातून सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर, आणि माळ्याला विचारतोय, आज गवत किती ओलं आहे. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्याचं जर्मन वळणाचं, माझं कोल्हापुरी. पण दोघांचंही बोलणं फटकळ, त्यामुळे जमलं. एकदा मी फोनवर कुणाला तरी "चालतंय की" म्हटलं ते त्याने उचललं, आणि मग कोचने काहीही सांगितलं की हा गंभीर चेहऱ्याने "चालतंय की" म्हणायचा. कोचला वाटायचं ते जर्मन आहे.

मालिशच्या टेबलावर माणूस पालथा पडला की खरं बोलतो, हा माझा अनुभव. हाइनरचं सगळं करिअर मी तसंच ऐकलं, त्याच्या पोटऱ्या रगडत. वडील गावातल्या बसगाड्या दुरुस्त करायचे. हा गावच्या क्लबातून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये गेला, तिथून पहिल्या. एक कप जिंकला, त्या फोटोत हा शेवटच्या रांगेत, अर्धा कुणाच्या तरी मागे. मी एकदा म्हटलं, तुझे गोल दाखव की. तो म्हणाला, फार नाहीत. "लोकांना गोल लक्षात राहतो. जाणकाराला गोलाचा पास लक्षात राहतो. त्या पासच्या आधीचा पास माझा. तो कुणालाच लक्षात राहत नाही, पण तो दिला नाही तर पुढचं काही घडत नाही." हे सांगताना आवाजात तक्रार नव्हती. असलीच तर थोडी ऐट होती.

एका गोष्टीवर मात्र तो हात आखडता घ्यायचा. ऐन भरात असताना वर्ल्ड कपला जाणाऱ्या जर्मनीच्या संघात त्याचं नाव आलं होतं. सरावाच्या शेवटच्या शेवटच्या दिवसांत घोटा उलटला. बाकीचे विमानात बसले आणि हा आईच्या घरी सोफ्यावर पाय वर करून. त्याने ती स्पर्धा टीव्हीवर बघितली का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, दुसरा पाय घे आता.

एका शुक्रवारी मी त्याला बिरकत अल अवामेरला घेऊन गेलो. तिथल्या कामगारांच्या वस्तीत आमच्याकडची बरीच पोरं राहायची, गारगोटीचा दत्तू त्यातला म्होरक्या. क्रेन चालवायचा, आणि शुक्रवारी खडीच्या मोकळ्या जागेत मॅच लावायचा. जर्मनीचा खेळाडू येणार म्हणून ही गर्दी. हाइनर उतरला आणि त्याने एकही गोल मारला नाही. समोर गोलपोस्ट मोकळी असताना पठ्ठ्या चेंडू मागे द्यायचा. कडेची माणसं खवळली. कुणी तरी ओरडलं, साहेब, मारा की, तुमच्या घरचं जातंय काय. दत्तूसुद्धा वैतागला होता. पण परत निघताना माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "सुधीरभाऊ, एक इचारू? आज मी पळालोच न्हाई. बॉल आपसूक पायात येत हुता." मी हे हाइनरला भाषांतर करून सांगितलं. गाडीत बसल्यावर तो बराच वेळ खूश होता.

त्याच मोसमात वर्ल्ड कपसाठी बांधलेलं एक नवं स्टेडियम तयार झालं, आणि उद्घाटनाची मॅच म्हणून आमच्या इथल्या कपची फायनल तिथे ठेवली. आमचा क्लब, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्या फायनलला पोचला. हाइनरने तेव्हाच ठरवलं होतं की ही शेवटची मॅच, मग खलास. मला म्हणाला, वर्ल्ड कपचं मैदान, वर्ल्ड कपचं गवत, भरलेली गॅलरी. "हा माझा वर्ल्ड कप, सुधीर. ह्याहून जवळ मी आता जाणार नाही." इतका हळवा मी त्याला कधी बघितला नव्हता. मी पोटऱ्या रगडत राहिलो.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात सरावात कॉर्नर किक आली. हाइनर आणि आमचा एक दांडगा बचावपटू एकाच वेळी उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. आवाज माझ्यापर्यंत आला. हाइनर पडला, क्षणभर तसाच राहिला, मग उठून हसला. क्लबच्या डॉक्टरांनी, हे ट्युनिशियाचे, फार नेक माणूस, त्याला दोन दिवस विश्रांती दिली आणि मग संगणकावरची चाचणी घेतली. आकडे, शब्द, चित्रं लक्षात ठेवायची. मोसम सुरू होताना प्रत्येक खेळाडूची ही चाचणी होते, आणि डोक्याला लागलं की परत घेऊन दोन्ही निकाल ताडून बघतात. हाइनरचे दोन्ही निकाल अगदी जुळले. डॉक्टर म्हणाले, अल्हमदुलिल्ला, खेळू दे.

दुसऱ्या दिवशी हाइनर माझ्या खोलीत आला, कपात चहा ओतून घेतला आणि सरळ प्यायला.

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभा. त्याच्या पाठीमागे दार उघडलं, कुणी आत आलं, बाहेर गेलं. ह्याने मान वळवली नाही. खोलीत टोपी घातली होती, ती उजेड टोचत असल्यासारखी डोळ्यांवर ओढलेली. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, इथे बस, माझ्या अंगठ्याकडे बघ, नजर हलवायची नाही, आणि मान डावी-उजवी कर. दोनतीनदा मान फिरवली असेल नसेल, त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला आणि त्याने टेबलाची कड घट्ट पकडली.

मग मी विचारलं ते चाचणीचं. तो म्हणाला, त्यात काय. मोसमाच्या सुरुवातीला ती मुद्दाम चुकवायची. शब्द आठवत असले तरी विसरल्यासारखं करायचं, बटण उशिरा दाबायचं. म्हणजे पुढे खरंच डोक्याला लागलं तरी निकाल तोच येतो. जुने खेळाडू सगळे करतात, म्हणाला. मी कपाळाला हात लावला. चेंडू येण्याआधी बघणारा माणूस, ह्यानं हे पण आधीच बघून ठेवलं होतं.

"डॉक्टरला सांगू नकोस," तो म्हणाला. "एकच मॅच. मग मी आयुष्यभर मान हलवणार नाही."

मी त्याला माझ्या थोरल्या भावाचं सांगितलं. अण्णा आमच्या तालमीचा सेंटर हाफ. फायनलला गोलकीपरचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. आमच्याकडे अशा वेळी बाहेर यायची पद्धत नाही. फडकं बांधतात, डोक्यावर पाणी ओततात आणि आत ढकलतात, कारण पेठेची इज्जत असते. अण्णा शेवटपर्यंत खेळला, खांद्यावरून मिरवणूक निघाली, आणि पुढच्याच आठवड्यात परत उतरला आणि परत लागलं. आज तो दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो. मला ओळखतो. माझ्या मुलीला मात्र दर सुट्टीत विचारतो, ही कुणाची पोरगी. एकेकदा इतका भडकतो की वहिनी खोलीचं दार लावून घेतात.

हाइनरने सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "ती फायनल जिंकली?"

"जिंकली."

"लोक अजून त्याचं नाव घेतात?"

घेतात. खोटं कशाला बोलू. चौकात गेलात तर आजही घेतात.

"मग?" हाइनर म्हणाला.

मला एवढंच कळत होतं की ह्या माणसाच्या डोक्याला परत एक धक्का बसला तर तो सहन होणार नाही, आणि हाइनर मला हवा होता, पूर्ण, जसाच्या तसा. मी म्हटलं, मग काही नाही, मी डॉक्टरकडे चाललोय. तो म्हणाला, तू गेलास तर आपलं संपलं. मी गेलो.

फायनलला तो संघात नव्हता. स्टेडियम इतकं देखणं होतं की माझ्यासारख्या खडीवर खेळलेल्या माणसाला गवतावर पाय ठेवायला संकोच वाटावा. आम्ही हरलो. एकच गोल झाला, आणि तो बरोब्बर मधून, जिथे हाइनर उभा असायचा त्या जागेतून. त्याच्या जागी खेळणाऱ्याला मागून आलेला माणूस दिसलाच नाही. कोच माझ्याकडे वळून बघत होता, आणि तो काय म्हणतोय हे कळायला मला दुभाषा नको होता. हाइनर वर गॅलरीत काळा चष्मा लावून बसला होता, आणि मॅच संपायच्या आत उठून गेला.

त्यानंतर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. समोरून आला तर मी खांबच आहे असं समजून बाजूने जायचा. घरी वैशाली म्हणायची, तू बरोबर केलंस. मला ते पटायचं आणि तरीही जेवण जायचं नाही. हाताने घास भरवायचा आणि त्याच हाताने ताट ओढून घ्यायचं, तसं काहीतरी मी केलं होतं असं वाटायचं.

तो जायचा दिवस आला तेव्हा क्लबची गाडी दारात उभी होती. त्याने ती परत पाठवली आणि मला फोन केला. एवढंच म्हणाला, विमानतळावर तू सोड. वाटेत नेहमीचे वळवलेले रस्ते, क्रेनच क्रेन, आणि तो खिडकीतून बाहेर बघत होता. मी माफी मागणार नव्हतो. त्याचीही ती अपेक्षा नव्हती. सामान उतरवून झाल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मी तुझ्यावर चिडलेलो आहे," तो म्हणाला. "माझं आयुष्यभराचं स्वप्न तू घेतलंस. हे मी विसरणार नाही. मरेपर्यंत चिडून राहीन." मग म्हणाला, "पण सुधीर, इतकी वर्षं चिडून राहायला डोकं शाबूत लागतं." आणि मला अशी मिठी मारली की माझ्याच बरगड्या तपासायची वेळ आली.

गेल्यावर तो खरंच बोलल्यासारखा वागला. फोन नाही, चौकशी नाही. मधूनच कधी तरी एक संदेश यायचा, फक्त दोन शब्द, "अजून चिडलोय." ना तारखेचा नेम ना वेळेचा. मी वैशालीला दाखवायचो, ती म्हणायची, बरं आहे बाबा. त्याच्यावर मी उलट काही लिहीत नसे.

मग एक मोठा खंड पडला. संदेश आला नाही, महिने गेले. मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. जुन्या खेळाडूंची डोकी पुढे कशी जातात, हे माझ्या धंद्यात मला नको तेवढं माहीत. इकडे रस्ते तयार झाले, मेट्रो धावायला लागली, झेंडे लागले, आणि ज्याच्यासाठी एवढं खणलं होतं तो वर्ल्ड कप एकदाचा सुरू झाला. पहिल्या मॅचला घर माणसांनी भरलेलं होतं. दत्तू आणि त्याची मंडळी जमिनीवर, माझी मुलगी सोफ्याच्या हातावर. सगळे आरडाओरडा करत होते आणि माझं अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडे. माझ्या डोक्यात एकच होतं, आज त्याला आठवलं नाही तर मग कधीच आठवणार नाही.

मध्यंतरात फोन थरथरला. मी संदेश वाचला, तेच दोन शब्द, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो. वैशाली मागोमाग आली, काय झालं, रडतोस का, म्हणाली. मी फोन तिच्या हातात दिला. मग परत घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला उत्तर लिहिलं, "चीड बाबा. असाच चिडत राहा."