कान तुटलेला कप

इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या घरात किस्से आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे साचतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. यंदा शाळेच्या हाफ-टर्म सुट्टीत ग्रीसला गेलो, तिथून असे चार-पाच डबे घेऊनच आलो!

ही ट्रिप ठरवली माझ्या लेकीनं, स्मितानं. नातवाचा, आर्यनचा, शाळेत ग्रीसचा प्रोजेक्ट होता ना! पण जायच्या आधी आजारानं तीच गेली. जावई समीरराव म्हणाले, "आई, तिच्याऐवजी तुम्ही चला."

निघायच्या सकाळी ओट्यावर स्मिताचा निळा कप दिसला. कान तुटलेला. "फुटकं घरात ठेवू नये. आल्यावर टाकते," मी म्हणाले. माझी सहा वर्षांची नात मीरा शेजारीच उभी होती. आई गेल्यापासून पोरीनं 'मम्मी' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. मला घोर होता तो तेवढाच.

*

पहिलं देऊळ. छप्पर नाही, खांब अर्धे.

आर्यन म्हणाला, "डॅड, आपण लेट झालो! सगळं पडून गेलं!"

"दोन हजार वर्षं लेट," समीरराव म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले. लगेच गॉगल लावला.

*

त्याच देवळापुढे कुणी आत जाऊ नये म्हणून दोरी बांधली होती, तिथे मी बूट काढले. रखवालदारीण धावत आली, "मॅडम, शूज! शूज!"

"आजी, आत देव नाहीये," मीरा कुजबुजली.

"नसू दे. जागा त्याचीच ना?"

मीरानं पण खाली बसून बुटांचं वेल्क्रो सोडलं. बाई बघतच राहिली!

*

म्युझियममध्ये एक दगडी बाई. हात नाहीत, नाक नाही. मी सवयीनं बोलून गेले, "आपल्याकडे अशी भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात."

मीरानं माझा हात घट्ट धरला. "हिला टाकणार?"

"नाही गं. इथे जपून ठेवतात."

"तुटलं तरी?"

"तुटलं तरी."

मूर्तीपुढची ती दोरी, हात लावू नये म्हणून लावलेली ती पाटी, पोरगी किती वेळ बघत होती!

*

मग ते उघडं नाट्यगृह. मध्ये उभं राहून हळू बोललं तरी वरच्या पायरीवर ऐकू येतं म्हणे. आम्ही तिघं वर बसलो, आर्यन खाली गेला. पोरानं काय बोलावं? "मम्मी."

लख्ख ऐकू आलं.

समीरराव मान खाली घालून बसले. शेवटी मीच ओरडले, "आलं रे ऐकू, बाळा!"

मीरानं कानांत बोटं घातली होती.

*

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्ये गेले. खिडकीत तो निळा कप. पुढे हळदीची आणि जिऱ्याची बाटली, मध्ये मीराची केसांची रिबीन ताणून बांधलेली. समोर एक चिठ्ठी, इंग्रजीत. मला कुठलं येतंय वाचायला! आर्यनला हाक मारली.

त्यानं वाचून मराठीत सांगितलं, "प्लीज हात लावू नका. हे माझ्या मम्मीचं आहे."

दारात मीरा उभी. माझ्याकडे बघत.

मी पायातल्या स्लिपर काढल्या.