होईल, जाईल, येईल
हेमेंद्र रहांगडाले फुलचूरचा. दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात खपायचा आणि उरल्या वेळात लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा. किराणा दुकानदारांसाठी हौशी लोकांनी मिळून एक मोफत सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्याची मराठी मदतपानं बहुतेक त्यानंच लिहिलेली. पगार नव्हता. नव्या आवृत्तीत शेवटच्या पानावर लेखकांची नावं येणार होती. त्या नावासाठी तो झुरत होता. लग्नपत्रिका सोडल्या तर घरातल्या कुणाचं नाव कधी छापून आलं नव्हतं.

आवृत्तीच्या तोंडावर गटात वाद पेटला. 'फाईल' लिहायचं की 'फाइल'? हेमेंद्र म्हणाला, बोलतो तसं लिहू, दीर्घ. पुण्याहून गट चालवणारा अश्विन म्हणाला, ऱ्हस्व. मतं घेतली. हेमेंद्र हरला.

त्यानं राग धरला नाही. उलट बदलाचं काम मागून घेतलं. फाईल, मोबाईल, प्रोफाईल. एकेक शब्द कोण शोधत बसणार? शेवट तर सगळ्यांचा सारखा. जिथे 'ईल' दिसेल तिथे 'इल' कर, असं त्यानं संगणकाला सांगितलं.

संगणकानं केलं. फाईलची 'फाइल' झाली. आणि पानोपानी 'होइल', 'जाइल', 'येइल' झालं.

जुनी पानं परत आणायला एक बटण पुरलं. तरी अश्विननं व्हिडिओवर बैठक बोलावली.

"हे तुमच्याकडचं मराठी का हो?"

"नाही सर, चुकून झालं. मी पाहूनच राहिलो होतो, तेवढ्यात..."

"पाहूनच राहिलात!" कुणीतरी ओरडलं. सगळे खो खो हसले.

"हरलात म्हणून मुद्दाम केलंत, की येतच नाही?" अश्विननं विचारलं. "मुद्दाम असेल तर नाव काढावं लागेल."

हेमेंद्र मराठीत एम. ए. होता.

"येत नाही सर. शिकीन."

"गटात लिहून द्या तसं."

त्यानं लिहून दिलं.

नवी आवृत्ती आली त्या दुपारी आईनं, लीलाबाईनं, शेजारच्या सुशीलाबाईंना हाताला धरून आणलं. हेमेंद्रनं शेवटचं पान उघडलं. लेखकांमध्ये त्याचं नाव नव्हतं. त्यानं पुन्हा वरपासून पाहिलं.

"नाव टाकून शोध ना, बाबू," लीलाबाई म्हणाली.

त्यानं टाकलं. नाव सापडलं. लेखननियमांच्या पानावर.

'चूक: जाइल. बरोबर: जाईल. या चुकीला आपण हेमेंद्री म्हणतो.' खाली अवतरणात त्याचंच वाक्य: 'मला मराठी येत नाही.'

"सापडलं का? मंग वाच ना मोठ्यानं. कायले थांबून राहिला?"

हेमेंद्रचा हात पडदा झाकायला उठला. सुशीलाबाईंनी तो बाजूला केला.

"सरक. लाजून काऊन राहिला? मले पाहू दे."

त्यांनी चष्मा लावला आणि लीलाबाईला नीट ऐकू जावं म्हणून घसा खाकरला.