आतली कडी

"वन्स मोर!"

या आरोळीसाठी झाडीपट्टीच्या नाटकातला नट जीव टाकतो. मलाही ती पुष्कळदा मिळाली आहे. पण त्या दुपारी मिळाली तेव्हा मी रंगमंचावर नव्हते. सभागृहाच्या मागे, वाळलेल्या पाचोळ्यात उभी होते. हातात आडवं धरलेलं लुगडं. लुगड्याआड सुनीता उकिडवी बसलेली.

सुनीता आमच्या नाटक कंपनीतली नवी पोरगी. पहिलाच सीझन. "मावशी सोबत आहे" म्हणून आईनं पाठवली होती. ती मावशी म्हणजे मी.

अहेरीच्या वाटेवरच्या त्या गावात नवं सांस्कृतिक सभागृह झालं होतं. उद्घाटनाला आमचा दुपारचा खेळ. आम्ही धानाच्या बांध्यांत मंडप ठोकून नाचणारी माणसं. चकचकीत फरशी, लाल खुर्च्या, खराखुरा मखमली पडदा पाहून मी हरखलेच. बौद्ध घरातली मी, देवळापुढे वाकत नाही. त्या रंगमंचापुढे वाकले.

मग विचारलं, "बायांची खोली कुठी आहे जी?"

नटांसाठी खोली एकच. तिच्यात पुरुष रंग लावत होते. शेजारच्या खोलीत जास्तीचे सोफे रचलेले. संडास एकच सुरू होता, तोही व्हीआयपी कक्षातला, आणि कक्षाच्या दाराशी चौकीदार.

इंजिनिअर साहेब फीत सरळ करत होते. त्यांना गाठलं. ते म्हणाले, "जुन्या सभागृहाचाच नकाशा आहे हा. नाटकात बायांची कामं पुरुषच करतात ना? एक खोली पुरायची."

"ते माह्या आजाच्या वक्ती, साहेब. लुगडं नेसून माहा आजाच नाचे. आता मी नाचतो."

सभागृह समितीचे अध्यक्षभाऊ मध्ये आले. पांढराशुभ्र सदरा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. "बाई, तुमच्या घरी तरी आहे काय संडास? एवढं जंगल पडलं आहे मागं. जा न!"

सगळे हसले. मीही हसले. नटाची सवय. समोरचा हसला की आपलं तोंड आपोआप फाकतं. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

माझ्या घरी संडास आहे. विटा मी वाहिल्या आहेत. दाराला आतून कडी आहे.

सुनीताची पाळी आली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिला घेऊन मागे गेले. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला सभागृहाची भिंत. भिंतीला लांबच लांब काळी काच. आमच्या नशिबी आरसाही नव्हता, म्हणून मी खूश. त्या काचेत आधी टिकली नीट केली. ओठांना लाली लावली. स्वतःलाच एक डोळा मारला. मग रस्त्याच्या बाजूनं लुगडं धरलं. काचेच्या बाजूनं कशाला? काच म्हणजे भिंतच की.

आतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही, अशीही काच असते हे मला माहीत नव्हतं. मी कुडाच्या घरात वाढले. आमची भिंत दोन्हीकडून भिंतच असते.

आधी टाळ्या ऐकू आल्या. मग काच सरकली. आत व्हीआयपी कक्षातले सोफे, चहाचे कप, पांढरे सदरे. एकाच्या हातात मोबाईल. "वन्स मोर!" आणि अध्यक्षभाऊ म्हणाले, "बाई, टिकली अजून वाकडीच आहे हो!"

सुनीताला उठता येईना. खाली मान घालून तिनं विचारलं, "मावशी, कवापासून पाहून राह्यले हे?"

कंपनीचा मालक धावत आला. सगळं ऐकून म्हणाला, "पब्लिक बसली आहे. रडणं नंतर."

तिसऱ्या अंकात मी लेडी इन्स्पेक्टर होते. मी पहिल्या अंकाआधीच पेटीतून वर्दी काढली. पुरुषांना म्हटलं, "तोंडं फिरवा." खाकी चढवली, टोपी घातली, काखेत दंडा. सुनीताचा हात धरला आणि व्हीआयपी कक्षाकडे निघाले.

आमच्या जिल्ह्यात खाकी दिसली की अंग आधी उठतं, डोकं मागून येतं. चौकीदारानं सलाम ठोकला. दार उघडलं. आतले सगळे सदरे उभे. एकाचा कप सांडला. अध्यक्षभाऊ म्हणाले, "नमस्ते मॅडम."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात झकास एन्ट्री!

मी हात पुढे केला. "मोबाईल." त्या बावळटानं दिला. मी तो संडासात टाकला आणि सुनीताला आत ढकललं. तिनं कडी लावली. खट्. नंतर अध्यक्षभाऊंचे डोळे बारीक झाले.

"अबे, हे तर टिकलीवाली! वर्दी खोटी आहे हिची!"

"वर्दी खोटी आहे, भाऊ. पोरगी खरी आहे."

वाक्य नाटकी आहे, ठाऊक आहे मला. नटीच आहे मी. त्यांनी आईवरून शिव्या दिल्या, जात काढली, एकानं टोपी उडवली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. सुनीतानं स्वतः कडी काढेपर्यंत हलले नाही.

खेळ झालाच नाही. आणि व्हिडिओ? मोबाईल बुडायच्या आधीच तो पुढे गेला होता. संध्याकाळी गावाच्या खिशात, दुसऱ्या दिवशी सुनीताच्या होणाऱ्या सासऱ्याच्या. सोयरीक मोडली. सुनीता आता घराबाहेर निघत नाही, माझा फोन उचलत नाही. ठाण्यात तक्रार द्यायला गेले, तर खऱ्या वर्दीनं आधी मलाच विचारलं, "खोटी वर्दी घालून काऊन फिरली?" मालकानं मला कंपनीतून काढलं.

मी दुसरी कंपनी धरली. आता कुठंही गेले की आधी इमारत बघते. काच असेल तर एकदा आतून, एकदा बाहेरून.

यंदा या कंपनीला त्याच सभागृहाचं बोलावणं आलं. अध्यक्षभाऊंचा निरोप होता, "सोफे हटवले, बायांची खोली केली, या." गेले. दारावर 'महिला कलाकार' अशी झकपक पाटी. दार आतून बघितलं. कडी नाही. बाहेरून मात्र भली जाड कडी.

मी पेटी उचलली. हॉल खच्चून भरलेला. भाऊ आडवे आले. "आता काऊन चालल्या, बाई? पब्लिक बोंबलून राह्यली न!"

"कडी आतून लावा, भाऊ. तवरक तुमच्या काळ्या काचेपुढं तुमीच नाचा. टिकली मी देतो."

कपाळावरची टिकली काढून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिकटवली. वाकडीच.

नटीविना पडदा वर गेला नाही. कडी आतून लागेपर्यंत जाणारही नाही.