सापडलं तर सांगू का?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आईबापांपुढे एक फॉर्म ठेवा, हातात पेन द्या, ते आपोआप साचत जातात.

नेपियर टाउनमधल्या आमच्या क्लिनिकमध्ये मुलांच्या जनुकीय तपासणीआधी पालकांना सगळं समजावून सांगणं हे माझं काम. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो. ज्या त्रासासाठी तपासणी करतोय, त्याच्याशी संबंध नसलेलं दुसरंच काही सापडलं तर कळवायचं का? हो की नाही? बस, एवढंच. पण या एका खुणेने माझं डोकं उठवलंय!

परवा तर फारच. चार वाजता वर्षा येणार होती. तिच्या आठ वर्षांच्या मीनूला झटके येतात, म्हणून तपासणी केलेली. नवरा-बायकोने 'नाही'वर खूण केली होती. तरी लॅबने चुकून जास्तीचं पान पाठवलं. त्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष! मीनूला आत्ता त्याचं काही नाही. पण असा दोष बहुतेक आई किंवा वडिलांकडूनच आलेला असतो, आणि त्यांनी वेळेत तपासून घेतलं तर जीव वाचू शकतो.

आमच्या मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "काय आहे ते सांगू नकोस. उत्तर बदलायचंय का, एवढंच पुन्हा विचार."

बोलायला काय जातं! तीन वाजल्यापासून मी चारदा पाणी प्यायले. मन दुसरीकडे वळवायला जुने किस्से आठवत बसले.

*

फॅक्टरीत इन्स्पेक्शनला असलेले एक गृहस्थ आले तेच पेन उघडून.

"नाही काहून म्हणायचं? पूर्ण तपासल्याशिवाय मी एक पीस पास करत नाही!"

'हो'वर खूण, खाली सही, सहीखाली अजून एक सही. बायको शांतपणे म्हणाली, "मॅडम, शुगर तपासा म्हणून दोन वर्षांपासून यांच्या मागे लागून राहिली मी. म्हणतात, निघाली तर?"

*

दीक्षितपुऱ्याच्या एका सासूबाईंनी सुनेला पाणी आणायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "बेटा, काही निघालं तर मला सांग. ती लई घाबरते."

सून परत आली, सासूबाई बाथरूमला गेल्या. "दीदी, मला सांगा. आईंना नको, बीपी आहे त्यांना."

जाताना सासूबाईंच्या मुलाने मला जिन्यात गाठलं. "दोघींना नका सांगू. फक्त मला."

"अच्छा. मग तुम्ही काय कराल?"

"मी? मी आईला विचारीन ना!"

*

रेल्वेतल्या एका बाबूंना दोन्ही पर्याय पटेनात.

"चांगलं निघालं तर सांगा. वाईट असेल तर राहू द्या."

तसा रकाना नाही म्हटलं, तर त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली, तिसरा चौकोन आखला, शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं, 'केवल शुभ', आणि त्यावर खूण केली! आठवड्याने लॅबमधून फोन. "मॅडम, ये नया फॉर्म कब से आया?"

*

वाईट बातमी असली की मी आधी चहा मागवायचे. माझ्या हे लक्षातच नव्हतं, बाहेर बाकावर बसणाऱ्या पालकांच्या मात्र बरोबर आलं होतं! गोहलपुरची एक बाई आत आली, टेबलावरचा कप पाहिला आणि हात जोडून रडायलाच लागली. "चाय मत पिलाना, दीदी!"

कप माझा होता. तिच्या मुलाचा रिपोर्ट अगदी स्वच्छ. पण ते पटवायला मला अर्धा तास लागला. तेव्हापासून क्लिनिकमध्ये मी चहा सोडला.

*

चार वाजता वर्षा आली. एकटीच.

मी आवाज होईल तितका साधा ठेवला. "शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं असेल, तर अजून बदलता येतं हं."

"नाही, दीदी."

मी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "घरी एकदा बोलून पाहता का?"

तिने पिशवीतून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. तिची स्वतःची. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, चार वर्षांपूर्वी, नागपूरला. सोबत जनुकीय तपासणीचा रिपोर्ट. तोच दोष. आमच्या फॉर्मवर तिने यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"माझं मला माहीत आहे. माझ्याकडून पोरीला गेलं का, तेवढं नका सांगू. मोठी झाली की तिला सांगू सगळं, मग तिचं ती ठरवेल. आता सकाळी तिची वेणी घालते ना मी, तर मला फक्त वेणी घालायची आहे."

मी मान हलवली आणि फॉर्म पुन्हा फाइलमध्ये लावला. ती उठली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि थांबली.

"दीदी, एक विचारू? तुम्ही सगळ्यांनाच दोनदा विचारता?"