शिमग्यातलं हिरवं पान

आमच्या घरी भुताखेताचं कोणी बोलत नाही. बुद्धवंदना म्हणतो, तेवढंच. अंगात येणं, नजर लागणं माझ्या आईनेही कधी मानलं नाही, मीही नाही. पण भाची म्हणाली, मावशी, आमच्या ग्रुपवर असे अनुभव लिहितात, तू लिहून दे. तोंडाने सांगायला मला जमत नाही... चौथीपर्यंत शिकले आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं नाव लिहीत नाही.

आमचं गाव मोहर्लीच्या रस्त्यावर. चंद्रपूरच्या बाहेर नवीन गोदाम झालं तेव्हा मी आणि ललिता एकदमच कामाला लागलो. ललिता माझी लहानपणची. दोघींनी मिळून जंगलातून सरपण आणलेलं. आमच्याकडे एक रीत आहे. मोळी वाटेत ठेवून यावी लागली, की वर पळसाचं पान ठेवायचं आणि पानावर खडा. मग ती कितीही पडून राहो, कोणी बाई हात लावत नाही.

गोदामात प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले, विहिरीसारखे खोल. वर रुळांवर बिनमाणसाच्या गाड्या फिरतात. ऑफिसातून कम्प्युटरवर मागणी टाकली, की गाडी वरचे क्रेट बाजूला काढते, हवा तो उचलते आणि आमच्या खिडकीत आणून सोडते. आम्ही वस्तू काढायची, बटण दाबायचं, क्रेट परत. ज्याला कोणी मागवत नाही तो हळूहळू तळाला जातो.

शिमग्याचे दिवस होते. दुपारी माझ्या खिडकीत एक क्रेट आला. स्क्रीनवर काहीच लिहिलेलं नाही. आत घडी केलेलं फडकं, त्यावर पळसाचं पान, पानावर खडा.

माझा हात आपोआप मागे आला. कोणाचं तरी ठेवलेलं आहे, आपण कशाला... मी बटण दाबलं. क्रेट गेल्यावर मनात आलं — पान हिरवंगार होतं. शिमग्यात पळसाला पान कुठलं? तेव्हा झाडावर नुसती फुलं.

जेवताना ललिताला सांगितलं. ती हसली. "ऊन लागलं तुले. पिलास्टिकच्या डब्यात कुठचं पान येते वं?"

त्याच आठवड्यात मालाची मोजणी झाली आणि मनगटी घड्याळं कमी भरली. सुपरवायझर सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, दिवाळीत घड्याळांचा क्रेट तुमच्याच खिडकीवर उघडला. उद्यापर्यंत घड्याळं आणा, नाही तर पोलिसात जाईन."

मला तो दिवस आठवला. दिवाळीची गर्दी होती. "जा तू जेवून ये, मी पाहतो तुह्या खिडकीकडे," असं ललिताच म्हणाली होती. मी तिला म्हटलं, "सांग ना साहेबाले, तवा तू होती म्हणून."

"मी? मी काऊन राहीन तुह्या खिडकीवर?" मग साहेबांकडे वळून म्हणाली, "लाजरी हाय साहेब. पन कोनाच्या मनात काय असते, आपल्याले काय दिसते..."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या हाताने गेले. फेरमोजणीसाठी सगळ्या गाड्या बंद उभ्या होत्या. साहेब माझ्या खिडकीपाशी माझं ओळखपत्र काढून घेत होते, ललिता त्यांच्या मागे उभी. तेवढ्यात वर घरघर सुरू झाली. एकच गाडी हलली होती. ती एकेक क्रेट उचलून बाजूला ठेवत होती... बराच वेळ. साहेब ऑफिसकडे तोंड करून ओरडले, "कोणी मागवलं?"

"कोणीच नाही, सर! बंद आहे सगळं!"

क्रेट माझ्या खिडकीत उतरला. तोच. पान तसंच हिरवं. मी आत हात घालून खडा बाजूला केला, पान चाचपलं. ते ओलसर होतं, आत्ताच तोडल्यासारखं.

"अवं, पान हाय ना त्याच्यावर! हात काऊन लावला?" मागून ललिता ओरडली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती उभी होती तिथून क्रेटच्या आतलं दिसतच नव्हतं, आणि हा तोच क्रेट हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

फडकं तिच्याच ओढणीचं होतं. आत घड्याळं.

तिचं काम गेलं, माझं राहिलं. कम्प्युटरमध्ये तो क्रेट रिकामा लिहिलेला होता, तळाशी. दिवाळीपासून हललेलाच नाही — माझ्या खिडकीत दोनदा आला त्याची नोंदच नाही. नागपूरहून इंजिनिअर आले, गाडी उघडून पाहिली, बिघाड काही सापडला नाही.

मला लागलं ते वेगळंच. एवढ्या गोदामात ते पान पाहून हात मागे घेणारी मी एकटी. तिला ते ठाऊक होतं. पान तिने माझ्यासाठीच ठेवलं होतं.

गावात तिने बायकांना एवढंच सांगितलं, की हिने पान असताना हात लावला. पुढचं कोणी विचारलं नाही. मी सांगायला गेले तर शब्दच फुटेनात. परवा वाटेत मोळी ठेवली, वर पान, पानावर खडा. परत आले तर पान मातीत पडलेलं आणि अर्धी मोळी गेलेली.

तो क्रेट कोणी वर काढला, शिमग्यात पान हिरवं कसं राहिलं, मला आजही कळलेलं नाही. काढणारं कोणी असेलच, तर त्याने एकदा आमच्या गावातही यावं, आणि त्या बायकांना सांगावं.